खोक्यातला तानपुरा

रात्री साडेअकराच्या सुमारास शेजारचा टीव्ही बंद होतो, लिफ्टची ये-जा थांबते, आणि मग आमच्या घरात एकच आवाज उरतो. दिवाणखान्यातल्या लाकडी कपाटात, टोस्टरपेक्षा थोडं मोठं असं एक काळं खोकं आहे. एका वायरीने राउटरला जोडलेल्या या खोक्यात तीन हार्ड डिस्क सतत फिरत असतात. अशा खोक्याला नॅस म्हणतात. घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप आपापले फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं त्यात ठेवतात. आमच्याकडे त्यात आणखी एक गोष्ट आहे: आत्याच्या रियाजाच्या जुन्या कॅसेटी. त्या मी दोन उन्हाळे खपून डिजिटल केल्या.

गेल्या पावसाळ्यात जागा पुरेना म्हणून जुन्या डिस्कच्या जोडीला दोन नव्या, जास्त वेगाने फिरणाऱ्या डिस्क घातल्या आणि त्या रात्रीपासून खोकं घुमायला लागलं. घूंऽऽ असा आवाज भरत जायचा, मग विरत जायचा, जवळजवळ नाहीसा व्हायचा आणि पुन्हा भरायचा. दहाएक सेकंदांचं एक आवर्तन. मला वाटलं, नवी डिस्क खराब निघाली. आत्याचा आवाज तिच्यावर ठेवलेला, त्यामुळे पोटात गोळाच आला.

दिवाळीला आत्या आली. दिवाणखान्यात झोपली. सकाळी चहा घेताना म्हणाली, "अरे, तुझ्या त्या डब्याचा जोड लागलेला नाहीये. रात्रभर हेलकावे खात होता."

तानपुऱ्याच्या चार तारांपैकी मधल्या दोन एकाच षड्जाला लावतात, त्यांना जोड म्हणतात. दोन्ही तारा अगदी एक झाल्या नसतील तर आवाज स्थिर राहत नाही, तो लाटेसारखा वरखाली होतो. लावणारा खुंटी आणि मणी सरकवत त्या लाटा लांबवत नेतो, आणि लाट पुरती मावळली की जोड लागला. आत्या साठ वर्षं हे करत आली आहे. तिला हार्ड डिस्क कशाशी खातात ते ठाऊक नाही, पण खोक्याचं निदान तिने अचूक केलं होतं.

ते कसं, हे समजून घ्यायला डिस्कच्या आत डोकवावं लागतं. आत काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकड्या एकावर एक बसवलेल्या असतात. माझ्या नव्या डिस्कांचा वेग मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने पळत असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना मुभा आहे त्याहून जास्त वेग, तोही तळहातावर मावणाऱ्या वस्तूत, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. या पळणाऱ्या तबकडीवर वाचणारं-लिहिणारं हेड अगदी पातळशा हवेच्या थरावर तरंगतं. मधली फट असते काही नॅनोमीटर. ती फट पाच नॅनोमीटर धरून फुगवत फुगवत एका कागदाच्या जाडीएवढी केली, तर त्याच मापाने माणसाचा केस दीड मीटर जाड होईल, जुन्या वडाच्या बुंध्यासारखा. एवढ्याशा जागेतून हेड तबकडीला न शिवता जातं. मी हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा आकडेमोड चुकली असं वाटून तीनदा करून पाहिला.

कितीही काटेकोर बनवली तरी फिरणारी वस्तू पूर्ण समतोल नसते. कुठेतरी कणभर वजन जास्त असतं आणि प्रत्येक फेऱ्याला ती आपल्या चौकटीला एक हलका धक्का देते. सेकंदाला १२० फेरे म्हणजे १२० धक्के, आणि कानाला १२० धक्के म्हणजे एक सूर. पुरुष गायक सहसा जिथे षड्ज धरतात त्याच्या थोडा खालचा. दुसरी डिस्क कारखान्यात तिच्याच साच्यातून निघालेली असली तरी ती हुबेहूब १२० वर नसेल, समजा ११९.९ वर असेल. मग दोघींचे धक्के कधी एकाच वेळी पडतात आणि आवाज भरतो, कधी एकीचा धक्का दुसरीच्या उलट पडतो आणि आवाज विरतो. फरक सेकंदाला एक दशांश कंपनाचा, म्हणून हेलकावा बरोबर दहा सेकंदांचा. शाळेच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. आत्याच्या भाषेत जोड न लागणं.

इथपर्यंत पोचल्यावर माझ्या लक्षात आणखी एक गोष्ट आली, आणि मी खुर्चीत ताठ बसलो. माझी जुनी डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्यांची आहे. म्हणजे सेकंदाला ९०. नव्या दोन्ही १२० च्या. नव्वद आणि एकशेवीस यांचं प्रमाण तीनास चार. तानपुऱ्यात जोडाचा षड्ज आणि पहिल्या तारेचा मंद्र पंचम यांचं प्रमाण नेमकं हेच असतं. माझ्या कपाटात पंचम, षड्ज, षड्ज अशा तीन तारा वाजत होत्या! राहिला तो खर्ज, जोडाच्या निम्मा, म्हणजे सेकंदाला ६०. तशाही डिस्क होऊन गेल्या. १९८० साली घरगुती संगणकांसाठी आलेली सव्वापाच इंची पहिली हार्ड डिस्क मिनिटाला ३६०० फेरे घ्यायची आणि तिच्यात पाच मेगाबाइट मावायचे. तो वेग त्याआधीच्या मोठ्या डिस्कांकडून चालत आला होता. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनं पुरी करते, तिच्यावर चालणाऱ्या मोटारीला ३६०० हा आकडा सोयीचा. कोणीही हे संगीतासाठी ठरवलेलं नाही. वेग वाढवताना अभियंत्यांनी सोप्या अपूर्णांकांच्या पायऱ्या घेतल्या, आणि सोपे अपूर्णांक म्हणजेच तर स्वर. त्यामुळे ३६००, ५४००, ७२०० हे आकडे ओळीने म्हटले की मला आता खर्ज, पंचम, षड्जच ऐकू येतात.

(सगळ्यात पहिली हार्ड डिस्क १९५६ ची, आयबीएमची. चोवीस इंची पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, साठवण पन्नास लाख अक्षरांची. फेरे मिनिटाला १२००, म्हणजे सेकंदाला २०. माणसाच्या कानाला सूर म्हणून ऐकू येण्याच्या अगदी उंबरठ्यावर.)

आता प्रश्न असा, की एवढ्याशा धक्क्यांचा आवाज खोलीभर कसा होतो? त्याचंही उत्तर तानपुऱ्यातच आहे. नुसती तार छेडली तर शेजारच्या माणसालाही नीट ऐकू येणार नाही. आवाज होतो तो भोपळ्याचा आणि तबलीचा. तार त्यांना हलवते आणि ते हवेला हलवतात. माझं खोकं ज्या लाकडी फळीवर होतं ती फळी, मागची प्लायवूडची पाठ आणि दोन काचेची दारं, हा सगळा माझ्या डिस्कांचा भोपळा होता. मिरजेच्या कारागिरांनी वर्षानुवर्षांच्या हातोटीने जे साधलं, ते आमच्या सुताराने नकळत करून ठेवलं होतं.

ही खात्री करून घ्यायची पद्धत अगदी साधी आहे. खोक्यावर तळहात ठेवून हलकेच दाबा. घुमणं कमी झालं तर ते कंपन आहे, डिस्कचा आजार नाही. मग फळीवर हात ठेवा, कपाटाच्या दारावर ठेवा. जिथे हाताला झिणझिण्या जाणवतील तिथून आवाज निघतोय. त्यानंतर खोकं रीतसर बंद करून, तबकड्या थांबेपर्यंत मिनिटभर थांबून मगच उचलायचं. चालू खोकं हलवू नये. फिरणारी तबकडी भोवऱ्यासारखी आपली दिशा धरून ठेवते आणि तिला जबरदस्तीने वळवलं तर त्या काही नॅनोमीटरच्या फटीचं काय होईल याचा विचार करवत नाही. मी खोक्याखाली जुना जाड रबरी माउसपॅड दोन तुकडे करून घातला, हवेची भोकं मोकळी राहतील असा. पुष्कळ खोक्यांत डिस्क ट्रेमध्ये नुसत्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी अडकवायची सोय असते. ती झटपट होते, पण पट्टी जराशी सैल असली की डिस्क ट्रेत थरथरते आणि ट्रे खोक्यात. मी पट्ट्या काढून चारही स्क्रू लावले, सारखेच घट्ट. डिस्कांवर आधी पेन्सिलीने क्रमांक घालून दोन नव्या डिस्कांची शेजारशेजारची जागा मोडली आणि मध्ये एक घर रिकामं सोडलं.

हेलकावा गेला नाही. तो जाणारही नाही, कारण डिस्कांना खुंट्या नसतात. पण कपाट गायचं थांबलं. आता कान खोक्यापाशी नेला तरच तो जोड ऐकू येतो.

घुमण्याचा प्रश्न असा सुटल्यावर मला बाकीचे आवाज ऐकायचं वेडच लागलं. घुमण्याच्या वर एक वेगळा आवाज असतो, खरखर किंवा करकर, कोणीतरी घाईघाईने पेन्सिलीने लिहितंय असा. हा हेड धरणाऱ्या दांडीचा. तिच्या मागच्या टोकाला तांब्याची गुंडाळी असते आणि ती दोन जबरदस्त चुंबकांच्या मध्ये असते. गुंडाळीत वीज सोडली की दांडी सरकते. लाउडस्पीकरच्या पडद्यामागे हीच रचना असते, गुंडाळी आणि चुंबक. म्हणजे प्रत्येक हार्ड डिस्कमध्ये एक लाउडस्पीकर दडलेला आहे, फक्त पडद्याऐवजी त्याला दांडी जोडली आहे. काही हौशी लोकांनी या दांड्यांना विजेचे हिशेबी झटके देऊन चक्क गाणी वाजवून दाखवली आहेत. एरवी ती दांडी एका सेकंदात शंभरेक वेळा जागा बदलू शकते आणि दर वेळी बोटाच्या नखापेक्षाही अरुंद पट्टीत कोरलेल्या हजारो वाटांपैकी नेमक्या वाटेवर थांबते. थांबण्याचा तो जो गचका, तीच करकर.

कोणी काही उघडलेलं नसताना ही करकर रात्री दोन वाजता ऐकू आली की माणूस दचकतो. खोकं मात्र आपलं काम करत असतं. नव्या फोटोंच्या छोट्या प्रती बनवणं, फाइलींची सूची करणं, महिन्यातून एकदा साठवलेलं सगळं वाचून ते शाबूत आहे का ते तपासणं. आमच्याकडे करकर थांबली तरी दर पाच सेकंदांनी एक बारीक टिक ऐकू यायची, घड्याळासारखी नियमित. मी खोक्याची नेटवर्कची वायर काढली, तरी टिक चालूच. म्हणजे ती बाहेरून कोणी मागितलेल्या फाइलीची नव्हती. मग आतली ॲप एकेक बंद करत गेलो. एक ॲप बंद केल्यावर टिक थांबली. ते ॲप सारखी काहीतरी नोंद करत होतं, आणि लिनक्सची ext4 ही फाइलव्यवस्था अशा ताज्या नोंदी साठवून ठेवून साधारण पाच-पाच सेकंदांनी तबकडीवर उतरवते. पावसाळ्यात पागोळीचं पाणी टोकाशी जमत जाऊन ठरावीक वेळाने ठिबकतं, तसं.

पण पाच सेकंदांच्या ठोक्याचं आणखी एक कारण असू शकतं, आणि ते मला फार देखणं वाटतं. काही मोठ्या डिस्क काही काम नसतानाही दर पाचेक सेकंदांनी मुद्दाम एक टप्पा घेतात. तबकडीवर वंगणाचा थर असतो, साधारण एका नॅनोमीटरचा, म्हणजे मोजक्या रेणूंचा. हेड एकाच वाटेवर बराच वेळ तरंगत राहिलं तर तिथला थर विस्कटतो. म्हणून डिस्क आपलं हेड अधूनमधून हलवते, एका जागी ओझं पडू नये म्हणून. असा ठोका ऐकून चांगली डिस्क परत करणारे लोक आहेत. तो बिघाड नाही.

या मोठ्या डिस्कांच्या पोटात हवाही नसते. असतो हेलियम, पक्का कोंडलेला. हवेच्या एक सप्तमांश घनतेचा हा वायू तबकड्यांना कमी अडवतो, कमी घुसळला जातो, म्हणून त्या पातळ करता येतात आणि जास्त बसवता येतात. अशी पहिली डिस्क २०१३ साली बाजारात आली, सात तबकड्यांची. हेलियमचं नाव निघालं की कोकणातल्या माणसाला विजयदुर्ग आठवतो. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण कोकण किनाऱ्यावरून देशात शिरलं. त्या ग्रहणाच्या निरीक्षणाशी जोडलेले 'साहेबाचे ओटे' किल्ल्यावर आजही दाखवतात. सावली पुढे गुंटूरला पोचली तिथे फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन वर्णपटदर्शक घेऊन उभे होते, आणि त्याच साली ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या प्रकाशातली एक अनोळखी पिवळी रेषा टिपली. ती हेलियमची होती. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये. सूर्यात आधी सापडलेला वायू आज लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ सांभाळतो.

डिस्क आवाज करते, तसा तिला आवाज ऐकूही येतो. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्समधले अभियंते ब्रेंडन ग्रेग डिस्कांनी भरलेल्या कपाटापाशी गेले आणि त्यांच्यावर जोरात ओरडले. शेजारच्या पडद्यावर त्याच क्षणी डिस्कांना लागणाऱ्या वेळेचा आलेख उसळला. ओरडण्याने तबकड्या थरथरल्या, हेड वाटेवरून ढळलं आणि त्याला पुन्हा वाट शोधावी लागली. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये बुखारेस्टमधल्या एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या यंत्रणेची चाचणी होती. नळ्यांमधून वायू इतक्या कर्णकर्कश आवाजाने सुटला की त्या आवाजानेच डिस्क निकामी झाल्या आणि बँकेचे व्यवहार दहाएक तास ठप्प झाले. आणि मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये लिहिलेली ती हकिकत: जॅनेट जॅक्सनचं 'रिदम नेशन' वाजवलं की काही जुने लॅपटॉप बंद पडायचे, इतकंच नाही तर शेजारी ठेवलेला, गाणं न वाजवणारा लॅपटॉपही पडायचा. गाण्यातला एक सूर त्यांच्या डिस्कच्या स्वतःच्या कंपनाशी जुळत होता. एक तार छेडली की दुसरी आपोआप वाजते, तोच अनुनाद.

म्हणून नॅसच्या शेजारी मोठा स्पीकर ठेवू नये. आणि म्हणूनच खोक्यांसाठी बनवलेल्या डिस्कांपैकी बऱ्याच डिस्कांत कंपन मोजणारे सेन्सर असतात. शेजारणीच्या थरथरीचा अंदाज घेऊन त्या आपल्या हेडला सावरून धरतात. एकत्र नांदायची तयारीच म्हणा. साध्या संगणकाची स्वस्त डिस्क चार-पाच जणींच्या घरात घातली की तिला ते जमत नाही.

आता खरोखर भ्यायचे आवाज. टक्... टक्... टक्, ठाशीव, सारख्या अंतराने, आणि त्याच वेळी फाइल उघडायला अतोनात वेळ: हेडला आपली वाट दिसत नाहीये. तबकडीवर वाटांच्या खुणा कारखान्यातच कोरलेल्या असतात. त्या सापडल्या नाहीत की दांडी परत मूळ जागी जाते, पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा परत जाते. आंधळ्या माणसाने उंबरठ्यापाशी येऊन चौकट चाचपावी तसा तो आवाज आहे आणि मला तो ऐकवत नाही. धातूवर धातू घासल्यासारखी किर्रर्र त्याहून वाईट, कारण तेव्हा हेड तबकडीला टेकलेलं असण्याची शक्यता असते आणि प्रत्येक फेऱ्याला काहीतरी खरवडलं जात असतं. अशा वेळी पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. डिस्क बंद करावी, दुसरीकडे प्रत आहे ना ते पाहावं. प्रत नसेल आणि आतलं मोलाचं असेल तर डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. खोक्यातल्या बाकीच्या डिस्क मिळून एका डिस्कची उणीव भरून काढतात हे खरं, पण नवी डिस्क घातल्यावर तिच्यावर सगळं पुन्हा लिहिण्यासाठी त्यांना कित्येक तास, कधी दिवसभर राबावं लागतं. त्याही त्याच वयाच्या असतात. त्यामुळे दुसरी प्रत घराबाहेर हवीच. आत्याच्या कॅसेटींची एक प्रत आता माझ्या बहिणीकडे कोल्हापूरला आहे.

कानाच्या जोडीला डिस्कची स्वतःची नोंदवहीही वाचावी. खोक्याच्या सेटिंगमध्ये ती स्मार्ट या नावाने सापडते. 'रीअ‍ॅलोकेटेड' म्हणजे खराब झाल्याने बदललेले तुकडे, 'पेंडिंग' म्हणजे वाचता न आलेले, संशयातले तुकडे. हे आकडे शून्यावरून हलले की सावध व्हावं. 'सीआरसी'चा आकडा वाढला तर दोष बहुधा डिस्कचा नसून वायरीचा किंवा जोडाच्या खाचेचा. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत बिघडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट निघाली. पण त्याच अभ्यासात, बिघडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कांच्या नोंदवहीत मुख्य चार खुणांपैकी एकही नव्हती. त्या काही न सांगता गेल्या. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात, अशा मताचा मी आहे.

परवा रात्री वीज गेली. आमच्या यूपीएसची बॅटरी दुरुस्तीला गेलेली, त्यामुळे खोकं एकदम मेलं. अंधारात एक छोटासा, स्वच्छ 'टक्' ऐकू आला आणि मग तबकड्यांचा सूर खाली खाली उतरत गेला, षड्जावरून खर्जाकडे आणि त्याच्याही खाली. त्या 'टक्'बद्दल मी आत्याला फोनवर सांगितलं. वीज गेली की हेडला तबकडीवरून उचलून कडेच्या उतारावर ठेवायला शक्ती लागते, आणि ती आणायची कुठून? तबकड्या तोवर आपल्या वेगात फिरतच असतात. मग त्यांना फिरवणारी मोटारच उलटी, जनित्रासारखी वागते. फिरण्यातून वीज तयार होते आणि तेवढ्याच विजेवर दांडी आपल्या जागी जाऊन बसते. आत्या काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तान संपल्यावरही आस उरते, तिच्यावर समेला यायचं." मी म्हटलं, हो, तसंच. तिने विचारलं, आता वीज आली का? आली होती. खोकं पुन्हा सुरू होत होतं. एकेक डिस्क पाळीने जागी होत होती, आधी पंचम, मग एक षड्ज, मग दुसरा. मी फोन खोक्यापाशी धरला.